राख काळीच हवी

चैत्र-वैशाखात रायगडाच्या रोपवेने वर जाणाऱ्याने गडाकडे पाहण्याआधी एकदा खाली पाहावे. कडा उतरून लेकराकडे धावलेल्या गवळणीच्या नावाची हिरकणीवाडी पायथ्याशी असते आणि पलीकडे महाड-पोलादपूरच्या खोऱ्यांत जागोजागी धूर दिसतो. तो वणव्याचाच असेल असे नाही. राब भाजले जात असतात. ऐन-किंजळीचे टहाळ, पातेरा, गवत आणि शेण यांचे थर दाढीच्या, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेच्या जमिनीवर रचायचे, वरून माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचे, म्हणजे आग सावकाश धुमसत सरकते. तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, रोप तरारून येते. इंग्रजी अमदानीत जंगलखात्याने या टहाळांवर निर्बंध आणले, तेव्हा ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की १८८५ मध्ये सरकारला जंगलविषयक आयोग नेमावा लागला. राबाला ‘अडाणी रीत’ म्हणणाऱ्यांना कोकणच्या शेतकऱ्याने तेव्हाच उत्तर दिले होते.

अडचण रीतीत नाही, आग संपते तिथे आहे. राब जळत जळत पांढऱ्या राखेपर्यंत जातो. त्या राखेत पालाश असते, पण ते पाण्यात चटकन विरघळते. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. मृगाच्या दोन जोरदार सरी आल्या की राखेतला बराचसा कस ओहोळातून काळ-गांधारी नद्यांत आणि तिथून सावित्रीत. युरियाचेही तेच. उतारावरच्या तांबूस, आम्लधर्मी मातीच्या अंगी देशावरच्या काळ्या मातीसारखी अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची ताकद नाही. भातखाचरात फोकून दिलेल्या युरियातील नत्रापैकी पिकाच्या वाट्याला साधारण तिसरा हिस्सा येतो. बाकीचे हवेत तरी उडते, नाहीतर पाण्याबरोबर जाते. पोते अनुदानामुळे स्वस्त मिळते म्हणून हा तोटा डोळ्यांवर येत नाही, एवढेच.

तोच काडीकचरा हवा तोडून भाजला आणि काळा असतानाच विझवला, तर हाती येतो तो जैवकोळसा. ‘बायोचार’ या नावाने सध्या त्याचा जगभर गाजावाजा आहे. असंख्य बारीक छिद्रांमुळे तो पाणी धरतो, त्याच्या पृष्ठभागावरील ऋणभारामुळे अमोनियम, पालाश, कॅल्शियम त्याला चिकटून राहतात, मातीची आम्लताही थोडी उतरते. पांढरी राख एका पावसाची, कोळसा मात्र मातीत शेकडो वर्षे टिकतो. ॲमेझॉनच्या जंगलातली ‘काळी माती’ त्याची साक्ष आहे. पण दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. जैवकोळसा हे खत नव्हे. कोराच टाकला तर तो मातीतले नत्र स्वतःच ओढून बसतो, म्हणून शेणखतात किंवा गोमूत्रात दोन-तीन आठवडे मुरवूनच तो घालावा. आणि विदर्भातल्या चुनखडीच्या जमिनीत त्याचा गुण दिसेलच असे नाही. तो खरा कोकणासारख्या आम्ल, धुपलेल्या मातीचा सोबती.

ही विद्या परदेशातून आणावी लागेल, असे कुणाला वाटत असेल तर त्याने चारसूत्री भातशेती आठवावी. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या या पद्धतीचे पहिलेच सूत्र भाताच्या अवशेषांचा फेरवापर हे आहे. रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मातीत मिसळायची. काळी, पांढरी नव्हे! गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि चार चुडांच्या मध्ये खोल खोचायची युरिया-डीएपीची गोळी ही पुढची सूत्रे. गोळीचा प्रचार झाला, कारण गोळी विकता येते. काळी राख कुणी विकत नाही, म्हणून ती पुस्तिकेत राहिली.

हिशेबही मांडू. वीस गुंठे भाताला दोन गुंठे, म्हणजे सुमारे दोनशे चौरस मीटर दाढ लागते. त्यासाठी हवी शंभर ते दोनशे किलो काळी राख. वीस गुंठ्यांत सहा-सात क्विंटल भात आले तर त्याचा पाचवा हिस्सा तूस आणि तुसाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी काळी राख, म्हणजे जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलो. घरच्या तुसाने भागणार नाही. गिरणीवरचे तूस वीटभट्टीकडे जाते, ते आधी गावाला मिळाले पाहिजे. उरलेली गरज रानमोडी आणि घाणेरी भागवू शकतात. या आगंतुक झुडपांनी माळरान बळकावले आहे आणि ती तोडल्याबद्दल कुणी रडणार नाही. पेंढा मात्र गुरांचा आहे, त्याला हात लावू नये. कोळशासाठी उभे झाड तोडण्याचा विचार तर मनातही येता कामा नये.

कोळसा पाडण्याचे ज्ञानही इथेच आहे. रायगडातली कातकरी कुटुंबे उचल घेऊन परमुलखातल्या कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर बहुधा कर्ज तसेच घेऊन परततात. हवा केव्हा तोडायची, भट्टी केव्हा मातीने लिंपायची, हे त्यांच्याइतके कुणाला कळते? २०२५ च्या जानेवारीत गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीशी २०३० पर्यंत जैवकोळशातून एक लाख टन कार्बन डायऑक्साइडइतकी कार्बन-पत (कार्बन क्रेडिट) विकत घेण्याचा करार केला. त्या बाजारातला एक रुपयाही आपोआप पोलादपूरच्या कातकरवाडीत पोचणार नाही. रोजगार हमीतून गावातच हे काम आणि त्याची मजुरी मिळाली, तरच पोचेल.

आमची मागणी मोठी नाही. दर ग्रामपंचायतीला तूस भाजायची दोन-तीन लोखंडी पिंपे, गिरणीवाल्यांशी तुसाचा करार आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने महाड-पोलादपूरच्या शेतकऱ्यांच्याच दाढींवर घेतलेली तीन हंगामांची चाचणी. निम्म्या दाढीत नेहमीचा राब, निम्मीत मुरवलेली काळी राख. निकाल शेतकरी बांधावर उभा राहून देईल.

शिमगा सरला की राब रचले जातील. कृषी खात्याच्या माणसाने त्या वेळी हिरकणीवाडीत यावे. कागद नकोत, पाण्याने भरलेल्या दोन कळशा आणाव्यात.