मोबलीच्या हातात चेंडू द्या

एनबीएतल्या क्लीव्हलंड संघाच्या इव्हान मोबलीचा नवा करार मंगळवारी, १ जुलै २०२५ ला लागू झाला. पाच वर्षं, २६.९ कोटी डॉलर. आपल्या हिशेबात जवळपास २,३०० कोटी रुपये. आणि लगेच जुनी रड पुन्हा सुरू झाली : सामन्यामागे साडेअठरा गुण करणाऱ्या पोराला एवढा पैसा कशासाठी? २०२४-२५ मोसमाचा सर्वोत्कृष्ट बचावपटू तोच, हे मान्य. क्लीव्हलंडने ६४ सामने जिंकले त्यात त्याचा मोठा वाटा, हेही मान्य. पण विजेत्या संघात पहिला स्टार मिचेलच्या खालोखाल उभं राहण्याचा दम त्याच्यात नाही, असा एकूण सूर. या सुराची मला चीड येते. मे महिन्यात ओक्लाहोमा सिटी थंडरच्या जेलन विल्यम्सबद्दल हेच, अगदी याच शब्दांत बोललं जात होतं आणि २२ जूनला थंडर विजेते झाले तेव्हा त्याचा निकाल लागला.

विल्यम्सबद्दलचं माझं मत मी तो सर्वांत वाईट खेळत असतानाच मांडलं होतं, हे नियमित वाचकांना आठवत असेल. डेन्व्हरविरुद्ध चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या सामन्यात मिळून त्याचे ४३ पैकी १० फटके आत गेले होते. सातव्यात त्याने २४ गुण केले आणि थंडरने तो सामना १२५-९३ असा जिंकला. पुढे फायनलमध्ये मालिका २-२ अशी अडलेली असताना पाचव्या सामन्यात ४०. उजव्या मनगटाचं लिगामेंट फाटलेलं असताना तो हे करत होता, ते आता बाहेर आलंय. डेन्व्हरविरुद्धच्या मालिकेवेळी मी लिहिलं होतं की फटके चुकताहेत तरी हा मुलगा चेंडू मागायचं थांबत नाही, आणि संघही त्याला चेंडू द्यायचं थांबत नाही. वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावर खूप प्रतिक्रिया आल्या, दुसऱ्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मोबलीचा सगळा प्रश्न त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

मोबलीची तुलना मात्र मी विल्यम्सशी करणार नाही, स्कॉटी पिपेनशी करेन. शिकागो बुल्स पहिल्यांदा विजेते झाले तो १९९०-९१ चा मोसम घ्या. पिपेनची सरासरी १७.८ गुण आणि ७.३ रिबाउंड. मोबलीची यंदाची १८.५ आणि ९.३. म्हणजे गुणांच्या हिशेबाने मोबली आज जिथे आहे, तिथेच उभा राहून पिपेन विजेत्या संघाचा दुसरा स्टार झाला. साडेअठरा गुण कमी पडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी जॉर्डनच्या शेजारी कोण उभा होता आणि तो किती गुण करत होता, हे एकदा पाहावं.

त्याच्या आदल्या वर्षीचा पिपेनही आठवायला हवा. जून १९९०, डेट्रॉइटविरुद्ध पूर्व विभागाच्या अंतिम फेरीचा सातवा सामना. अर्धशिशीने डोकं फुटायची वेळ आलेली, नजर धूसर झालेली; दहा फटके मारले, एक आत गेला, सगळे मिळून दोन गुण. बुल्स ९३-७४ असे हरले, पिस्टन्सकडून सलग तिसऱ्या वर्षी. तेव्हा शिकागोत पिपेनबद्दल जे बोललं गेलं, त्यापुढे आजची मोबलीवरची टीका सौम्यच म्हणायची. मोठ्या सामन्यात कच खातो, असा शिक्काच बसला होता. वर्षभराने हाच संघ त्याच पिस्टन्सना ४-० असा धुऊन फायनलला गेला.

वर्षभरात बदललं काय? पिपेनच्या अंगात अचानक धैर्य संचारलं, ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण आकडे वेगळं काही सांगतात. फिल जॅक्सन १९८९ मध्ये प्रशिक्षक झाले आणि त्यांनी टेक्स विंटर यांची त्रिकोणी रचना आणली, ज्यात चेंडू एकाच माणसाकडे मुक्कामाला राहू शकत नाही. जॉर्डनला ती सुरुवातीला रुचली नव्हती. तरी दुसऱ्या मोसमात त्याची गुणांची सरासरी ३३.६ वरून ३१.५ वर आली आणि असिस्ट ६.३ वरून ५.५ वर. पिपेनचे असिस्ट ५.४ वरून ६.२ वर गेले. म्हणजे पहिल्या विजेतेपदाच्या वर्षी बुल्सकडून सर्वाधिक असिस्ट देणारा खेळाडू जॉर्डन नव्हता, पिपेन होता. चाल सुरू करण्याचं काम एका फॉरवर्डकडे गेलं होतं. प्रतिस्पर्ध्यांनी जॉर्डनवर दोन-दोन माणसं घातली तरी चेंडू कुठे जायचा आणि पुढे त्याचं काय व्हायचं, हे ठरलेलं होतं.

त्या फायनलचा दुसरा सामना डोळ्यांपुढे आणा. पहिला सामना लेकर्सने शिकागोत येऊन दोन गुणांनी जिंकलेला. जॉर्डनवर सुरुवातीलाच फाउल पडतात आणि मॅजिक जॉन्सनला रोखायचं काम पिपेनकडे येतं. मॅजिक चेंडू घेऊन निघतो न निघतो तोच पिपेन त्याच्या छातीला भिडतो. मॅजिकला पाठ वळवावी लागते, अर्धं मैदान तो खांद्यावरून मागे पाहत, पिपेनला ढकलत पार करतो आणि चाल सुरू होईपर्यंत घड्याळातली मौल्यवान सेकंदं गेलेली असतात. बुल्सने तो सामना १०७-८६ असा जिंकला आणि पुढचे तिन्हीही. शेवटच्या सामन्यात पिपेनचे ३२ गुण, १३ रिबाउंड, ७ असिस्ट. बचावातून सामना फिरवणारा माणूस चेंडू हातात आल्यावर आक्रमणही उभं करू शकतो, हे तिथे दिसलं.

आता मोबलीकडे येऊ. या जोडीतला पहिला अर्धा भाग, म्हणजे बचाव, त्याच्याकडे तयार आहे, त्यावर वादच नाही. जवळपास सात फुटांचा माणूस गार्डसमोर वाकून पाय सरकवत उभा राहतो आणि क्षणात मागे फिरून रिंगजवळचा फटकाही अडवतो. प्रश्न आहे तो दुसऱ्या अर्ध्याचा. क्लीव्हलंडची नेहमीची चाल बघा. मोबली वर येऊन मिचेलसाठी स्क्रीन लावतो. प्लेऑफमध्ये दोन्ही बचावपटू मिचेलवर धावतात. मिचेल त्यांच्या डोक्यावरून चेंडू सोडतो, तो फ्री थ्रो रेषेजवळ मोबलीच्या हातात पडतो. या क्षणी समोर तीन बचावपटू आहेत आणि क्लीव्हलंडचे चार खेळाडू. सेंटर ॲलन रिंगखाली, दोन नेमबाज कोपऱ्यांत. इथे मोबलीला अर्ध्या सेकंदात ठरवायचंय. बरेचदा तो त्याच्या सवयीचा हलका फ्लोटर टाकतो. कधी आत जातो, कधी नाही. कोपऱ्यातला नेमबाज हात वर करून उभाच राहतो.

त्याला दिसत नाही, असं मी म्हणणार नाही. कॉलेजातही त्याच्या पासिंगचं कौतुक होत होतं. त्याला सराव दिलेला नाही, हे माझं म्हणणं आहे. प्रशिक्षक केनी ॲटकिन्सन आल्यावर मोबलीला आक्रमणात अधिक वाव मिळाला, हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे : एका वर्षात गुण १५.७ वरून १८.५ वर गेले, थ्री-पॉइंटर तो सामन्यामागे एखाद-दुसराच मारायचा तो आता तीनच्या वर मारतो आणि त्यातले ३७ टक्के आत जातात. डिसेंबरमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध ४१ गुण केले. पण असिस्ट? आदल्या वर्षी ३.२, यंदा ३.२. मिचेलनेही आपला वाटा सोडला, त्याची सरासरी दोन वर्षांत २८.३ वरून २४ वर आली. म्हणजे क्लीव्हलंडने मोबलीला फटके दिले, चाल दिली नाही. जॅक्सननी पिपेनला दिली होती ती चाल. थंडरनेही विल्यम्सला तीच दिली, म्हणून त्याचे असिस्ट पाचच्या वर आहेत. त्यांचा उंच होल्मग्रेन जायबंदी झाल्यावर तर त्यांनी या साडेसहा फुटांच्या मुलाला सेंटरच्या जागीही उभं केलं. त्याचं काय होईल याची धास्ती त्यांनी घेतली नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की पिपेन आणि विल्यम्स हे ड्रिबल करत खेळणारे, मोबली मुळात उंच माणूस; सात फुटांच्या खेळाडूकडून चाल रचून घेणं म्हणजे ओढूनताणून केलेला प्रयोग. पण मग पाउ गॅसोल कोण होता? त्याची उंचीही तेवढीच. २००८ च्या फायनलमध्ये बोस्टनने त्याला अक्षरशः रेटून बाजूला काढलं आणि तो नाजूक आहे हा शिक्का पुढे दोन वर्षं त्याला चिकटून राहिला. प्रशिक्षक पुन्हा जॅक्सनच, रचना पुन्हा तीच, आणि चेंडू फ्री थ्रो रेषेच्या टोकाला गॅसोलच्या हातात. २०१० मध्ये त्याच बोस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात कोबी ब्रायंटचे २४ पैकी सहाच फटके आत गेले, तेव्हा गॅसोलने १९ गुण आणि १८ रिबाउंड करून सामना ओढून नेला. पहिला स्टार अडला की दुसऱ्याने करायचं काम याहून वेगळं नसतं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. मोबली प्लेऑफमध्ये हे करेल याचा पुरावा काय? २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मिचेल रॉबिन्सनने त्याला आणि ॲलनला रिंगखाली हलवून सोडलं, तीन वर्षांत क्लीव्हलंड तीनदा ४-१ असं हरलं. पुरावा थोडा आहे, हे खरं. पण आहे. मे २०२४ मध्ये बोस्टनविरुद्धच्या पाचव्या सामन्यात मिचेल नव्हता, ॲलन नव्हता, सगळा भार मोबलीवर होता. त्या वर्षीच्या विजेत्यांसमोर, त्यांच्या मैदानावर त्याने ३३ गुण केले. बोस्टनचा पोर्झिंगिस त्या दिवशी खेळत नव्हता, संघही हरला, हे मी लपवत नाही. तरी नाइलाजाने का होईना, चेंडू त्याच्याकडे गेला तेव्हा तो डगमगला नाही. यंदा इंडियानाविरुद्धचा दुसरा सामना तो घोट्याच्या दुखापतीने खेळू शकला नाही आणि मिचेलने ४८ गुण करूनही क्लीव्हलंड तो १२०-११९ असा हरलं. त्या एका गुणाचा हिशेब मोबलीच्या टीकाकारांनी कधी केला आहे का?

इथे मला कॉलेजबद्दलचा माझा जुना मुद्दा पुन्हा मांडावाच लागतो. पिपेन सेंट्रल आर्कान्सामध्ये चार वर्षं होता, विल्यम्स सँटा क्लारामध्ये तीन. दोघांनीही फारसं कुणाचं लक्ष नसताना, चुकत चुकत, चाल रचायला शिकून घेतलं. मोबली विसाव्या वर्षी, एका मोसमात कॉलेज आटोपून ड्राफ्टमध्ये तिसरा निवडला गेला. टेटम आणि अँथनी डेव्हिससुद्धा एकाच वर्षात बाहेर पडले आणि विजेते झाले, हे वाचक मला दरवेळी ऐकवतात. ऐकवा. तरीही उंच मुलांना चेंडू घेऊन चुका करायची जी सवलत कॉलेजात मिळते, ती एनबीएत कुणी देत नाही, असंच माझं मत आहे. मोबलीला ती सवलत क्लीव्हलंडने आता, चोविसाव्या वर्षी द्यायला हवी.

आणि यंदासारखी संधी पुन्हा येणं कठीण. गार्ड गार्लंडच्या पायाच्या अंगठ्यावर जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली आहे, मोसमाच्या सुरुवातीला तो कितपत तयार असेल हे सांगता येत नाही. टाय जेरोम मेम्फिसला निघाला. चेंडू हाताळणारे दोन हात असे मोकळे होताहेत. त्यांच्या जागी आणखी एखादा गार्ड रेटायचा, की ते काम मोबलीकडे द्यायचं, हे ॲटकिन्सनना सप्टेंबरच्या सराव शिबिराआधी ठरवावं लागेल. पूर्व विभागही मोकळा पडलाय. बोस्टनचा टेटम आणि इंडियानाचा हॅलिबर्टन या दोघांचीही टाचेवरची शीर २०२५ च्या प्लेऑफमध्ये फाटली. इंडियानाचा मायल्स टर्नर, ज्याला वरळीच्या डोममध्ये ऑक्टोबर २०१९ ला मुंबईकरांनी समोर पाहिलं होतं, तो जुलैच्या सुरुवातीला मिल्वॉकीला गेला. त्यामुळे नोव्हेंबरात मोबलीचे चेंडू हातातून निसटले, पास चुकले, दोन-चार सामने हातचे गेले, तरी क्लीव्हलंडला ते परवडेल. मी स्वतः पहिले दोन महिने त्याच्या गुणांकडे पाहणार नाही. मिचेलवर दोघं धावले, चेंडू फ्री थ्रो रेषेवर आला, आणि मोबलीने कोपऱ्यातल्या त्या हात वर केलेल्या नेमबाजाला किती वेळा शोधलं, तेवढंच मोजणार आहे. नाताळपर्यंत ३.२ चे पाच व्हायला हवेत.