नैराश्यावरील उपचार हा गरिबांचाही हक्क

शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी आली की चळवळीतील कार्यकर्ता कर्ज, नापिकी आणि बाजारभाव या तीन शब्दांत तिची मीमांसा करतो. ही मीमांसा खरी आहे. पण ती पुरी नव्हे. एकाच गावात सारख्याच कर्जाखाली दहा कुटुंबे वाकलेली असताना त्यांतील एखादाच माणूस जीव देतो, याचा अर्थ अर्थकारण आणि मृत्यू यांच्यामध्ये आणखी काही दुवे असतात. त्यांतला एक पुष्कळदा नैराश्याच्या आजाराचा असतो.

या आजाराचे नाव काढताच समाजवादी मनात एक शंका उभी राहते. पिळवणुकीला वैयक्तिक दुखण्याचे रूप देऊन व्यवस्थेला दोषमुक्त तर केले जात नाही ना? शंका रास्त आहे. परंतु क्षयाचे उदाहरण घ्यावे. क्षय हा दारिद्र्याचा, कोंदट घरांचा आणि अर्धपोटी राहण्याचा रोग आहे, हे सर्वमान्य आहे. म्हणून घरे सुधारेपर्यंत रुग्णाला औषध देऊ नये, असे कोणी म्हणत नाही. नैराश्यालाही हाच न्याय लावला पाहिजे.

दुःख आणि नैराश्य एक नव्हेत. दुःखी माणूस आप्तांच्या सहवासात काहीसा सावरतो. नैराश्यात मात्र दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ मन काळवंडलेले राहते, कशातच रस उरत नाही, झोप आणि भूक बिघडते, अकारण अपराधी वाटते, मरणाचे विचार येतात. कष्टकरी माणूस हे ‘मन उदास आहे’ अशा शब्दांत क्वचितच सांगतो; तो अंगदुखीची आणि अशक्तपणाची तक्रार घेऊन दवाखान्यात जातो व टॉनिकची बाटली घेऊन परततो. ज्या विकारात उदासीच्या जोडीला उन्मादाचे झटकेही येतात, त्याला मनोविकारतज्ज्ञ आणि नियमित औषध यांवाचून गत्यंतर नाही. नैराश्याच्या बहुसंख्य रुग्णांना मात्र संवादोपचाराने मोठा उतार पडू शकतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात दर वीस प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात केव्हातरी नैराश्य गाठते, आणि अशा रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के उपचाराविना राहतात. यावर ‘एवढे तज्ज्ञ आणायचे कोठून?’ हा सरकारी प्रश्न ठरलेला असतो. त्याचे उत्तर गोव्याने दिले आहे. तेथील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक प्रयोग केला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण खास प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णांशी संवाद साधला. पद्धत साधी होती. माणूस खचला की कामातून आणि माणसांतून अंग काढून घेतो आणि त्यामुळे अधिकच खचतो. हे चक्र तोडण्यासाठी रोजची लहान लहान कामे ठरवायची, अडचणी सुट्या करून सोडवायच्या, घरच्यांना सोबत घ्यायचे. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी यांतील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरील कार्यकर्त्यांमुळे उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

म्हणजे अडचण ज्ञानाची नाही, राजकीय इच्छेची आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांतून उपचार मिळणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरवला. तरीही केंद्राच्या आरोग्य अंदाजपत्रकात मानसिक आरोग्याचा वाटा एक टक्क्याच्या आसपासच घुटमळतो. हा काटकसरीचा मार्गही नव्हे. नैराश्य व चिंताविकारांच्या उपचारांवर घातलेल्या एका डॉलरमागे सुमारे चार डॉलर परत मिळतात, असा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने २०१६ साली मांडला गेला. ज्याचे श्रम हीच पुंजी, त्याचे मन आजारी पडले तर घरची चूलच थंडावते.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. कमी खर्चाचा उपचार म्हणजे कमी मजुरीचे श्रम नव्हेत. आशा सेविकांवर एकेक जबाबदारी लादून त्यांना पगाराऐवजी मानधनावर राबवण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तोच समुपदेशकांच्या बाबतीत गिरवला जाऊ नये. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित, पूर्ण वेतनावरचा समुपदेशक हवा आणि त्याच्या पाठीशी जिल्ह्याचा मनोविकारतज्ज्ञ हवा, ही मागणी कर्जमाफी आणि हमीभाव यांच्या जोडीने प्रत्येक मोर्चात लावून धरली पाहिजे.

तोवर कार्यकर्त्याच्या हाती काहीच नाही असे नव्हे. खचलेल्या माणसाला ‘मन घट्ट कर’ असा उपदेश करण्याऐवजी त्याच्याजवळ बसावे, मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार बळावत नाहीत. टेलिमानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोलणे करून द्यावे, दवाखान्यापर्यंत सोबत जावे. सावकाराच्या दारात शेतकऱ्याबरोबर उभा राहणारा कार्यकर्ता दवाखान्याच्या रांगेतही त्याच्या शेजारी दिसला पाहिजे. दोन्ही ठिकाणची लढाई एकाच माणसासाठी आहे.