एकटीचं पान

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि खरं सांगायचं तर रागावून बसले आहे. तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. रागाच्या भरात वह्या तपासायच्या नाहीत हा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. आज तो मोडते आहे.

झालं असं. लेकीकडे तोक्योला दीड महिना राहून आले. ती निशी-कासाई भागात राहते. तिथे आपली भारतीय मंडळी इतकी आहेत की याच भागातून, म्हणजे एदोगावा प्रभागातून, २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा आपला मराठी माणूस निवडून आला होता. तर तिथे एका दुपारी लेक-जावई कामावर असताना मी एकटी जाऊन जपानी करी-भाताच्या हॉटेलात जेवले. ताटाचा फोटो काढला आणि मोठ्या हौसेने घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला.

पाच मिनिटांत भाच्याचं उत्तर आलं, "मावशी, हे तर पिठलं-भात!" पाठोपाठ दुसरा म्हणाला, "करी आपली आणि नाव जपानचं, चोर लेकाचे!" आणि मग आमच्या धाकट्या जाऊबाई: "एकट्याच? का हो, लेकीला जेवायला घालायला वेळ नव्हता वाटतं?"

पहिल्या दोघांना उत्तर देऊन मोकळी होते. तिसऱ्या उत्तरासाठी हा लेख आहे.

भाच्या, तुझं अर्धं बरोबर आहे. मैदा तुपा-तेलात परतून त्यात मसाला घालायचा आणि त्याने रस्सा दाट करायचा, ही जपानी करीची रीत. त्यामुळे ती दिसते पिठल्यासारखी, लागते किंचित गोड. पहिल्या घासाला मलाही वाटलं की कुणीतरी पिठल्यात चुकून गूळ टाकला. तिसऱ्या घासाला सवय झाली. भात मात्र आखूड दाण्याचा, जरा चिकट, आणि बाजूला लोणच्यासारखं काहीतरी गोडसर, कुरकुरीत. ते ताटाशेजारच्या डब्यातून आपणच हवं तितकं घ्यायचं.

आणि चोरीचं म्हणशील, तर आपल्या घरात 'करी' शिजली कधी? आपल्याकडे कालवण होतं, तिखलं होतं, आमटी होती, सार होतं. या सगळ्याला एकच नाव दिलं ते साहेबाने. त्याच साहेबाकडून ती मैदा लावलेली करी जपानात गेली. १८७२ सालच्या जपानी पाकपुस्तकांत ती सापडते. आपल्या हातची म्हणावी अशी करी तिथे रुजवली ती रासबिहारी बोस यांनी. १९१५ साली इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन ते जपानला गेले आणि १९२७ पासून शिंजुकूच्या नाकामुराया या दुकानात त्यांची भारतीय करी मिळू लागली. पुढे १९८२ साली २२ जानेवारीला जपानभरच्या शाळांत दुपारच्या जेवणाला करी द्यायचं ठरलं. आता तिथल्या पोराला करी परकी वाटत नाही. आपल्याला तरी कुठे मिरची परकी वाटते? ती पोर्तुगिजांनी आणली. तेव्हा चोर कोण आणि साव कोण, हा हिशेब राहू दे.

आता जाऊबाईंकडे वळते.

त्या हॉटेलात मी शिरले तेव्हा माझे पाय कापत होते. हसू नका. वय वर्षं त्र्याहत्तर, आणि आयुष्यात एकदाही मी एकटीने हॉटेलात बसून जेवले नव्हते. सहलीला मुलांना घेऊन, लग्नाला बस्ता बांधायला गेल्यावर सगळ्यांबरोबर, ह्यांच्याबरोबर कोल्हापूरला दवाखान्यात गेले तेव्हा, असं जेवले. एकटीने कधीच नाही. दारातल्या पोरीने एक बोट वर करून विचारलं, मीही एक बोट वर केलं. तिने वाकून मला एका लांब फळीसारख्या टेबलाशी नेलं. तिथे ओळीने एकेका माणसाच्या खुर्च्या. माझ्या डावीकडे एक कोटवाला माणूस, उजवीकडे एक मुलगी, पलीकडे माझ्याच वयाची एक बाई. सगळी आपापली जेवत होती. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

रश्श्यात सहसा मांसाचा अंश असतो, म्हणून लेकीने बिनमांसाच्या रश्श्याचं चित्र आधीच मोबाइलवर काढून दिलं होतं. ते दाखवलं. मग त्या पोरीने पुढचे प्रश्न चित्रांवर बोट ठेवून विचारले. भात किती? तो ग्रॅममध्ये सांगायचा. तिखट किती? त्याच्या पायऱ्या ठरलेल्या. वर काय घालू? वांगं, पालक, चीज, जे हवं ते.

आणि मंडळी, मी अडखळले. भात किती हवा, हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी पन्नास वर्षं दुसऱ्यांना विचारत आले. माझा भात म्हणजे पातेल्यात उरेल तो. तिखट म्हणजे ह्यांना चालेल तेवढं. माझी आवड काय, हे मलाच आठवेना. शेवटी दोनशे ग्रॅम भात, तिखट मधलं, वर वांगं असं सांगितलं. वांगं ह्यांना वर्ज्य होतं, म्हणून आमच्याकडे ते क्वचितच यायचं.

रात्री लेकीने एक शब्द शिकवला: ओहितोरिसामा. 'हितोरि' म्हणजे एकटं माणूस. त्याच्या आधी आदराचा 'ओ' आणि मागे आदराचा 'सामा'. एकट्या गिऱ्हाइकाला दोन्ही बाजूंनी मान! मी भाषेची मास्तरीण, मला त्या करीपेक्षा हा शब्द जास्त चविष्ट वाटला. आपल्याकडे एकट्या बाईला कोणते शब्द आहेत ते आठवून पाहा. मी इथे लिहीत नाही.

इथपर्यंत सगळं कौतुकाचं. राग आला तो पुढे, रत्नागिरीत.

परत आल्यावर जूनमध्ये एक दिवस बँकेचं काम लांबलं, दीड वाजला. म्हटलं, तोक्योत जमलं तर आपल्या गावात का नाही? गेले एका हॉटेलात. नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या हॉटेलात वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही. वेटर म्हणाला, "आजी, मागून कोण येतंय?" म्हटलं, "कुणी नाही." तो म्हणाला, "मग पार्सल देऊ?"

म्हणजे एकटी बाई आली की तिचं जेवण पिशवीत भरून तिला घरी पाठवायचं! मी म्हटलं, "नाही रे बाबा, इथेच बसणार." मग त्याने मला आतल्या फॅमिली रूममध्ये बसवलं. अर्ध्या जेवणात चौघांचं कुटुंब आलं, तेव्हा "आजी, जरा तिकडे बसता का?" म्हणून हात धुवायच्या बेसिनशेजारी हलवलं. पोरगा उद्धट नव्हता हो. त्याला फक्त माझी जागा कुठे, ते कळत नव्हतं. ती जागा तिथे नव्हतीच.

संध्याकाळपर्यंत बातमी आळीत पोचली. "बाई हॉटेलात जेवत होत्या, एकट्या. सून घालत नाही वाटतं." आणि रात्री माझ्या सुनेने, जी बिचारी नोकरी करून दोन्ही वेळचा स्वयंपाक करते, ओट्यापाशी उभं राहून मला विचारलं, "आई, माझं काही चुकलं का?"

जाऊबाई, तुम्ही गंमतीत लिहिलंत, मला ठाऊक आहे. पण तुमच्या त्या एका ओळीत आणि आळीतल्या त्या बातमीत फरक काय? मी एकटी जेवले की तिथे लेकीला दोष, इथे सुनेला. बाई आपल्या मर्जीने, आपल्या पेन्शनच्या पैशाने, भूक लागली म्हणून जेवली, हे कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही.

वास्तविक एकट्या माणसाला जेवू घालायची विद्या आपल्यालाही येते. रत्नागिरीचा चाकरमानी गिरणीत कामाला मुंबईला गेला, बायको-मुलं गावी ठेवून. त्याला कुणी जगवलं? गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांनी. त्याच बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आणि आपली राइस प्लेट? ती दुसरं काय आहे? एका माणसाला, एका ताटात, ठरल्या पैशात पोटभर जेवण. जपान्यांचा करी-भात तोच की! फक्त आपली राइस प्लेट पुरुषासाठी होती. खाणावळीत रांधणारी बाई आणि जेवणारा पुरुष. बाईसाठी मुंबईच्या इराण्याकडे काय होतं, तर फॅमिली रूम. म्हणजे फॅमिली असेल तर रूम.

आणि हे आपलं रत्नागिरी! कोण कुणाच्या पंगतीला बसणार यावर इथे केवढं रण माजलं. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१ साली उघडलं, सावरकरांच्या पुढाकाराने इथे सहभोजनं झाली. जातीची पंगत मोडायची हिंमत ज्या गावाने त्या काळी दाखवली, त्या गावाला जवळजवळ शंभर वर्षांनी एका म्हातारीला एक खुर्ची देता येऊ नये?

मला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल, "घरी अन्न असताना बाहेर कशाला?" हा प्रश्न मिसळ खायला निघालेल्या पुरुषाला तुम्ही विचारता का?

दुसरं म्हणाल, "एकटं जेवणं वाईट, चार माणसांत जेवावं." अगदी खरं. जपानातही एकटी पडलेली म्हातारी माणसं पुष्कळ आहेत, आणि एकट्याची खुर्ची हे काही त्यांच्या दुःखावरचं औषध नव्हे. एकट्याने बसायला तिथल्या बायकाही पूर्वी बिचकत, असं लेक सांगते. पण मला एक सांगा, मी आयुष्यभर जेवले कशी? आधी मुलं, मग पुरुष, मग पाहुण्या बायका, मग मी. स्वयंपाकघरात, पाटावर, गार झालेला भात, तळाची आमटी, समोर उष्ट्या ताटांचा ढीग. तेव्हाही मी एकटीच जेवत होते की! तेव्हा कुणाला वाईट वाटलं नाही, कुणी विचारलं नाही की घरच्यांना हिच्याबरोबर बसायला वेळ नव्हता वाटतं. बाई शेवटी, एकटी, उरलेलं जेवली तर तो संस्कार. तीच बाई वेळेवर, गरम, स्वतः मागवून जेवली की घराची अब्रू जाते. हा कुठला न्याय?

म्हणून माझं मागणं. हॉटेलवाल्यांनो, खिडकीशी एकेका माणसाची चार टेबलं ठेवा. अर्ध्या भाताची थाळी ठेवा, म्हातारीला पूर्ण ताट जात नाही आणि टाकवत नाही. "मागून कोण येतंय" हे विचारू नका, "या, बसा" म्हणा. यासाठी तुम्हाला जपानी करी शिजवायची गरज नाही. ती दुकानं २०२० साली गुरुग्रामला येऊन पोचली आहेत, यायची तेव्हा इकडे येतील. तुम्ही कुळथाचं पिठलं आणि भात दिलात तरी मी येईन. भाच्या, ऐकतोयस ना? :)

आणि नातेवाइकांनो, एखादी बाई एकटी जेवताना दिसली तर तिच्या सुनेची चौकशी करू नका. जेवण कसं होतं, ते विचारा.

हा लेख टाकण्याआधी सुनेला वाचून दाखवला, कारण तिचं नाव नसलं तरी ती यात आहे. म्हटलं, "मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाहेर जेवणार, लोक बोलतील, चालेल का?" ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, मग दुसऱ्या सोमवारी मी जाते. एकटी."

मी "बरोबर जाऊ या" म्हणणार होते. जीभ चावली.

असो. सोमवार जवळ आलाय. वांगं मिळालं तर बरं.