जेसीबीचा मेकॅनिक व्हायचंय? आधी आयटीआय की थेट गॅरेज?

दहावीनंतर मुलाला आयटीआयला घालायचं की ओळखीच्या मिस्त्रीच्या हाताखाली लावायचं? गॅरेजमध्ये पहिल्या दिवसापासून पाना हातात येतो, चार पैसेही मिळतात. मग शिकण्यात वर्ष कशाला घालवायचं?

मशीन बदललं
चाकांच्या बांधकाम यंत्रांसाठी एप्रिल २०२१ पासून सीईव्ही-४ आणि जानेवारी २०२५ पासून सीईव्ही-५ हे प्रदूषण निकष लागू झाले. त्यामुळे इंजिनात सेन्सर आणि ईसीयू आले. आता प्रत्येक बिघाड नुसत्या आवाजावरून कळत नाही, एरर कोड वाचावा लागतो.

जिवाचाही प्रश्न
इंजिन बंद केलं तरी हायड्रॉलिक लाइनमध्ये दाब उरतो. बकेट जमिनीला टेकवून दाब न सोडता होज उघडली, तर तेलाची बारीक चिळकांडी कातडीतून आत शिरू शकते. ‘असं का?’ हे गॅरेजमध्ये क्वचितच कुणी समजावतं.

गॅरेजचं महत्त्व
चिखलात अडकलेलं पोकलेन जागेवर दुरुस्त करणं मात्र वर्गात शिकता येत नाही. तो हात अनुभवानेच बसतो.

मग करायचं काय?
आधी आयटीआयचा ‘मेकॅनिक डिझेल’ हा एक वर्षाचा ट्रेड करावा. मग अप्रेंटिसशिप घ्यावी. त्यात विद्यावेतन मिळतं. आधीच गॅरेजमध्ये असलेल्यांना ‘आरपीएल’मधून अनुभवाचं प्रमाणपत्र मिळवता येतं. गॅरेजमालकांनीही आपल्या पोरांना त्यासाठी सुट्टी द्यावी. दहा वर्षं राबलेल्या हाताची नोंद कुठेतरी कागदावर असायलाच हवी.