विश्लेषण : मोबाइलवर लिहिलेला कोड संगणकावर का सापडत नाही?

स्वतःचा लॅपटॉप नसलेले इंजिनीअरिंगचे विद्यार्थी पायथॉनचा सराव फोनवरच करतात. कुणी ‘पायड्रॉइड ३’वर, कुणी ‘टर्मक्स’वर. अडचण येते सबमिशनच्या दिवशी. लॅबमधल्या संगणकाला केबल जोडली, स्क्रीनवर फोनही दिसला, पण रात्री लिहिलेली फाइल कुठेच नाही. फाइल गहाळ झालेली नसते. ती संगणकाला दाखवलीच जात नाही.

कोड नेमका कुठे जातो?

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला स्वतःची खासगी जागा मिळते. तिथे दुसरे अ‍ॅप डोकावू शकत नाही आणि केबलने जोडलेला संगणकही नाही. बँकेच्या अ‍ॅपमधली माहिती सुरक्षित राहते ती याच भिंतीमुळे. टर्मक्सचे होम फोल्डर भिंतीच्या आत असते, तर ‘डाउनलोड’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ ही फोल्डर बाहेरच्या सामायिक जागेत. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ पासून सामायिक जागेतल्या वावरावरही बंधने वाढली. त्यामुळे जुन्या यूट्यूब व्हिडिओंतल्या अनेक युक्त्या नव्या फोनवर चालत नाहीत.

यात खरा धोका वेगळाच आहे. अ‍ॅप अनइन्स्टॉल केले किंवा सेटिंग्जमध्ये ‘क्लिअर डेटा’ दाबले, की खासगी जागा पुसली जाते. फोन भरला म्हणून अ‍ॅप काढून पुन्हा टाकणाऱ्याचा सेमिस्टरभराचा कोड असा एका क्षणात जातो. तो ‘रिसायकल बिन’मध्येही सापडत नाही.

मग फाइल बाहेर कशी काढायची?

टर्मक्समध्ये ‘टर्मक्स-सेटअप-स्टोरेज’ ही आज्ञा एकदा देऊन परवानगी दिली, की होममध्ये ‘स्टोरेज’ नावाचे फोल्डर तयार होते. त्यातून ‘डाउनलोड’पर्यंत वाट मिळते, फाइल तिथे कॉपी केली की केबलने संगणकावर घेता येते. मग सगळे काम ‘डाउनलोड’मध्येच का करू नये? कारण सामायिक जागेत प्रोग्रॅम थेट चालवण्याची परवानगी आणि सिम्बॉलिक लिंक, दोन्ही चालत नाहीत. पायथॉनचे व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट तिथे अडखळते. काम आत करायचे आणि प्रत बाहेर ठेवायची, हेच बरे.

केबल जोडल्यावरही फोन पेन ड्राइव्हसारखा वागत नाही. एमटीपी पद्धतीत संगणक फोनकडे एकेक फाइल मागतो. म्हणून फोनमधली फाइल संगणकाच्या एडिटरमध्ये थेट उघडू नये. आधी संगणकावर कॉपी करावी.

केबल नसेल तर पायथॉनमधला ‘एचटीटीपी डॉट सर्व्हर’ कामाला येतो. फोनवर तो सुरू करायचा आणि संगणकाच्या ब्राउझरमध्ये फोनचा आयपी पत्ता टाकायचा. मात्र याला पासवर्ड नसतो. हॉस्टेलच्या वायफायवर तो सुरू ठेवला, तर त्या नेटवर्कवरच्या कुणालाही ते फोल्डर उघडता येते. फोनचा स्वतःचा हॉटस्पॉट वापरणे आणि काम झाले की सर्व्हर लगेच बंद करणे चांगले.

व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल की गिट?

व्हॉट्सअ‍ॅपवर कोड मेसेजमध्ये पेस्ट करू नये. तारांकन आणि अंडरस्कोर ही चिन्हे तिथे अक्षरे ठळक-तिरकी करण्यासाठी वापरली जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी पोहोचते. जीमेल पायथॉनची फाइल जाऊ देते, पण जावास्क्रिप्टची अडवते. ती झिप केली तरीही.

रोजच ये-जा असेल तर गिटला पर्याय नाही. टर्मक्समध्ये ते चालते, कोड खासगी रिपॉझिटरीत राहतो आणि अ‍ॅप गेले तरी पुश केलेले काम वाचते. ‘फायनल’, ‘फायनल २’ अशा नावांच्या फाइल्सही साठत नाहीत.

उलट्या दिशेला, म्हणजे विंडोजवरून फोनवर येताना, एक अडचण हमखास भेटते. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे ठेवते, तर लिनक्सवर आधारलेले अँड्रॉइड एकच. त्यामुळे लॅबमध्ये लिहिलेली शेल स्क्रिप्ट टर्मक्सवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणत थांबते. संगणकावरच्या एडिटरमध्ये ‘सीआरएलएफ’ऐवजी ‘एलएफ’ निवडून फाइल पुन्हा सेव्ह केली, की ती चालते.