पावतीविना शिक्षा

मोटारीची काच खाली होईपर्यंत अदबीने थांबणारा पोलीस शिपाई सायकलचे हॅन्डल मात्र थेट धरतो, आणि मोटारवाल्याला 'साहेब' म्हणणाऱ्या त्याच तोंडून सायकलस्वाराला 'ए' अशी हाक येते. या फरकाला आम्ही शिस्त म्हणायला तयार नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सायकल बसत नाही; तिला परवाना नाही, नोंदणी क्रमांक नाही. ताब्यात घ्यायला कागदच नसल्याने शिक्षा सायकलवरच उतरते. पुण्यात एके काळी बिनदिव्याच्या वा डबलसीट सायकलची हवा सोडली जाई. आपण ती गोष्ट विनोदात जमा केली. पंक्चरवाल्याचे दुकान सापडेपर्यंत सायकल ढकलत नेणाऱ्याला विचारले नाही.

कोलकात्यात २०१३ साली १७४ रस्ते सायकलींना बंद झाले. कारण दिले गेले वाहतुकीच्या खोळंब्याचे. अडवले गेले दूधवाले, पेपरवाले, फेरीवाले. खोळंबा करणाऱ्या मोटारी तेथून जातच राहिल्या. यादी पुढे कमी झाली, तरी पोट सायकलवर असणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारी दृष्टी तेवढ्याने बदलत नाही.

सायकलस्वार नियम मोडतच नाहीत, असा आमचा दावा नाही. उलट दिशेने येणाऱ्याला जरूर अडवावे. पण नियम सांगावा, दंड घ्यावा, पावती द्यावी. हवा सोडण्याला पावती नसते. म्हणूनच तिच्याविरुद्ध दादही मागता येत नाही. ज्या शिक्षेची नोंद नाही, तिला कायद्याची अंमलबजावणी कोणत्या तोंडाने म्हणायचे?