दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ

दिवाळीच्या रात्री फराळाची ताटे आवरली की आपल्यापैकी अनेकांच्या घरी पत्त्यांचा डाव मांडला जातो. तेथील हिशेब सरळ असतो : जितकी नाणी जिंकली तितकी पदरात पडली. पोकर या पाश्चात्त्य खेळाच्या स्पर्धेत मात्र हा हिशेब लागू पडत नाही. जुगाराची भलामण करण्याचा माझा हेतू नाही, हे आरंभीच सांगतो. मला रस आहे तो त्यातील गणितात आणि त्या गणितामागील मनुष्यस्वभावात.

अमेरिकेतील लास व्हेगास येथे १९७० पासून ‘वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर’ ही स्पर्धा सुरू झाली. १९७७ साली तिच्या मुख्य सामन्यात ३४ खेळाडूंनी प्रत्येकी १०,००० डॉलर भरले आणि जमलेले ३,४०,००० डॉलर एकट्या डॉयल ब्रन्सन यांनी नेले. पुढील वर्षी वाटणी बदलली. ४२ खेळाडूंचे ४,२०,००० डॉलर पाच जणांत विभागले गेले. विजेते बॉबी बाल्डविन यांना निम्मे, म्हणजे २,१०,००० मिळाले, तर पाचव्याला २१,०००. पत्ते तेच राहिले, बदलली ती केवळ बक्षिसांची वाटणी. परंतु वाटणी बदलली की शहाणपणाची व्याख्याही बदलते.

एक उदाहरण घेऊ. एकूण बक्षीस १,००० रुपये. पहिल्यास ५००, दुसऱ्यास ३०० व तिसऱ्यास २००. तिघेच उरले आहेत, तिघांजवळ सारख्याच चकत्या आहेत आणि तिघेही सारखेच निपुण आहेत. अर्थात प्रत्येकाचा सरासरी वाटा ३३३ रुपये. आता त्यांतील दोघांनी आपले सर्वस्व पणाला लावले. हरणारा २०० रुपये घेऊन उठेल. जिंकणाऱ्याजवळ दोन तृतीयांश चकत्या येतील, म्हणजे त्या दुप्पट होतील. पण त्याचा वाटा दुप्पट न होता ४३३ रुपयेच होईल. मिळकत १०० ची, नुकसान १३३ चे! असा डाव परवडण्यासाठी शंभरात किमान ५७ वेळा तरी जिंकण्याची खात्री हवी. सारे बक्षीस एकालाच असते, तर ५० पुरल्या असत्या.

आणि तो तिसरा? त्याने पत्ताही उचलला नाही, तरी त्याचा वाटा ३३३ वरून ३६७ वर गेला. आपली जुनी म्हण गणितानेही खरी ठरते ती अशी.

म्हणूनच बक्षिसाच्या उंबरठ्यावर, एक जण बाद होताच उरलेल्या सर्वांना काही ना काही मिळणार असते अशा वेळी, मध्यम पुंजीचे खेळाडू चांगले पत्तेही टाकून देतात. ज्याच्यापुढे चकत्यांची रास आहे तो त्यांची ही भीती ओळखून वारंवार दडपण आणतो. उलट, बक्षिसाचा मोठा भाग पहिल्यासाठीच राखलेला असेल, तर केवळ टिकून राहण्यात हशील नसते. तेथे धाडस हेच शहाणपण ठरते.

हे वाचताना मला आमच्या शाळेची वक्तृत्व स्पर्धा आठवली. पूर्वी तीत एकच ढाल असे. भाषणे धीट होत. पण आपल्याला ढाल मिळणार नाही असे वाटणारी मुले नावच देत नसत. मी पाच बक्षिसे ठेवली. नावे वाढली, भाषणे मात्र निर्दोष, पाठ केलेली आणि एकाच साच्याची होऊ लागली. मी मुलांना दोष देत होतो. वस्तुतः चूक न करण्याचे मोल वाढविले होते ते मीच.

यंदा बक्षिसे पाचच राहतील. परंतु त्यांतील एक, अडखळत का होईना, स्वतःचा विचार मांडणाऱ्यासाठी राखून ठेवणार आहे. वाचकहो, घरात असो वा शाळेत, आपण जेव्हा शाबासकी वाटतो तेव्हा मुलांनी किती धाडस करावे हेही नकळत ठरवीत असतो. ते जाणून ठरवावे, एवढेच.